हिरामण घरतच्या अडुसष्ट रात्री

चालक क्रमांक : एकशे सतरा. नाव : हिरामण जोमा घरत. वय : चोपन्न वर्षे पूर्ण. राहणार : मुक्काम खारवेळे, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड. परवाना : अवजड वाहन, वैध. दृष्टी : चष्म्यासह समाधानकारक. मानेचा घेर : चव्वेचाळीस सेंटिमीटर. ओळखीची खूण : मिशी. झोप : असमाधानकारक. शेरा : सदर चालक झोपेत श्वास घेण्याचे वारंवार थांबवितो, असे तपासणीअंती निष्पन्न झाले असून, सदर सवय सुधारल्याचा नव्वद दिवसांचा यांत्रिक पुरावा सादर होईपर्यंत त्यास वाहनापासून दूर ठेवण्यात यावे.

कंपनीच्या फाइलीतलं हे वर्णन खोटं आहे असं हिरामणलाही म्हणता आलं नसतं. त्याला फक्त ‘सवय’ हा शब्द खटकला. सवय म्हणजे तंबाखू. ती त्यानं सोडली होती, निदान घराच्या आवारात तरी. श्वास थांबवण्याची सवय कुणी कशी लावून घेईल, असं त्यानं सुरक्षा अधिकारी सुचिता मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, “हिरामणभाऊ, तो छापील नमुना आहे. सगळ्यांना तोच.”

झालं होतं असं. फेब्रुवारीत, भर दिवसा अकरा वाजता, बंदराच्या गेटाबाहेर कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागली होती आणि त्या रांगेत हिरामण ब्रेकवर पाय ठेवून झोपला. पुढची रांग सरकली. त्याच्यापुढे अर्धा किलोमीटर मोकळा रस्ता तयार झाला आणि त्याच्यामागे चाळीस ट्रेलर हॉर्न वाजवत राहिले. बंदरावर माणसं हॉर्नने उठत नसतात, पण चाळीस हॉर्न एकाच वेळी वाजले तर निदान पापणी हलावी, अशी अपेक्षा असते. शेवटी एका वॉचमनने पायरीवर चढून काचेवर दांडा आपटला. हिरामणने डोळे उघडले, रस्ता मोकळा बघितला आणि गाडी पुढे घेतली. अठ्ठावीस वर्षांत त्याच्या हातून कुणाच्या गाडीचा आरसासुद्धा फुटला नव्हता. त्या दिवशीही कुणाला काही झालं नाही. पण कॅमेऱ्यात सगळं आलं होतं, आणि कॅमेऱ्यात आलेली गोष्ट न झालेल्या गोष्टींत मोजत नाहीत.

मग झोपेची तपासणी झाली. मग अलिबागला एसटी स्टँडामागच्या एका दुकानातून मशीन भाड्यानं आलं. दुकानाच्या पाटीवर ऑक्सिजन, खाटा, कुबड्या आणि ‘झोपेची यंत्रे’ असं एका ओळीत लिहिलेलं होतं. मशीन चपलेच्या खोक्याएवढं. त्याला नळी, नळीला मास्क. मास्क नाकावर बांधायचा, आणि मशीन रात्रभर वारा ढकलत राहणार. त्यात एक कार्ड होतं, आणि हिरामण किती तास झोपला, किती वेळा थांबला, वारा किती गळला, हे सगळं त्या कार्डात उतरत होतं. कंपनीची अट साधी होती : नव्वदपैकी निदान त्रेसष्ट रात्री, रात्री निदान चार तास. पास झाला तर ट्रेलर. नापास झाला तर यार्डात शिट्टी घेऊन दुसऱ्यांच्या गाड्या मागे घ्यायला लावायच्या. शिट्टीवाल्या माणसाकडे हिरामणने अठ्ठावीस वर्षं आरशातून बघितलं होतं. त्याला चेहरा असतो हे त्याच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात मास्क चाळीस मिनिटं टिकायचा. धावत्या गाडीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढून झोपावं तसं त्याला वाटायचं. झोपेतच तो मास्क ओढून फेकायचा, आणि सकाळी कमळ केर काढायला आली की खाटेखाली नळी स्वतःशीच फुसफुसत पडलेली असायची.

“सोंड गळून पडली,” कमळ म्हणायची. त्याच्या बायकोनं पहिल्याच दिवशी त्या नळीचं हे नाव ठेवलं होतं आणि घरात तेच रूढ झालं.

आकडे वाचायचं काम सून हेमालीकडे आलं. ती पोयनाडच्या संगणक क्लासात शिकवते. नवरा परेश उरणला असतो, आठवड्यातून एकदा येतो, म्हणून सासऱ्याचं मशीन सकाळी चहाबरोबर तिच्याच वाट्याला.

“बाबा, काल एएचआय नऊ.”

“म्हंजे पास?”

“पाचच्या खाली चांगलं. तुमच्या कंपनीला दहाच्या खाली चालतं. तासाला नऊ वेळा श्वास दहा सेकंद तरी थांबला, नाहीतर अर्धवट झाला, असं.”

“आन पयल्या टेस्टला किती होता?”

“सेहेचाळीस.”

सात तासांची रात्र धरून हिरामणने सातानं गुणलं. बंदरावर वजनं वाचून वाचून त्याचा गुणाकार चांगला होता. “तीनशे बावीस. एका राती तीनशे बावीस वेला मेलो मी.”

“तेवढ्याच वेला परत आलाव,” कमळ तव्यावरची भाकर उलटत म्हणाली. “मना इचारा. एकदा चुकून शांतता नाय मिळाली.”

मशीनमधली बाकीची भाषा हिरामणला लवकर कळली, कारण ती त्याला दोन ठिकाणांहून ओळखीची होती. एक म्हणजे ट्रेलरचे एअर ब्रेक. दाब कमी पडला तर गाडी हलत नाही, हे त्याला सांगावं लागत नव्हतं. दुसरं म्हणजे खार. घरतांची जमीन खाडीला लागून. समुद्र बाहेर ठेवायला मातीचा बांध, आणि बांधाच्या पोटात उघाडी. उघाडी म्हणजे फळीचं दार. आतलं पाणी बाहेर सोडतं, आणि भरतीचं पाणी आलं की त्याच्याच जोरानं मिटतं. हेमालीनं मोबाइलवर घशाचं चित्र दाखवलं तेव्हा हिरामण म्हणाला, “ही तं उघाडी. नको तवा मिटते.” मशीनचा दाब अकरा सेंटिमीटर पाण्याचा, असं तिनं वाचलं. “एवढा पानी तं भांगालाबी असते,” तो म्हणाला. भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची अगदी मरतुकडी भरती. तेवढ्याशा जोरावर आपला घसा उघडा राहतो, हे कळल्यावर त्याला जरा अपमान वाटला.

राहिली गळती. मास्कच्या कडेनं वारा निसटतो तो. मशीन ती मिनिटाला लिटरमध्ये सांगायचं, आणि हिरामणची रोज अठरा यायची, कारण वारा मिशीतून निघायचा. अलिबागच्या दुकानातली तंत्रज्ञ नूतन हिनं मिशी काढायला सुचवलं. हिरामणने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बांध फुटून खांड पडली तर आपण बांध काढून टाकत नाही, असं त्यानं घरी येऊन कमळला सांगितलं. नूतनला सांगायचं धाडस झालं नाही. शेवटी अठरा लिटरवर तडजोड झाली. मशीनचं त्यात भागत होतं.

मार्च सरता सरता तो चार तास मास्क ठेवायला लागला. आकडा पाचवर आला, मग तीनवर. दिवसा डोळा लागायचा बंद झाला. इथेच खरी पंचाईत सुरू झाली. आधी निदान दुपारी झोप यायची. आता माणूस टक्क जागा, आणि करायला काही नाही. सकाळी सहाला उठून तो अंगणात जायचा, तिथून नाक्यावर, नाक्यावरून परत. खुर्चीत बसला तरी उजवा पाय जमिनीवर दाबत राहायचा. कमळनं दोनदा विचारलं, कोणाला ब्रेक मारताव? हायवेवरून जाणाऱ्या ट्रेलरचा आवाज एक किलोमीटरवरून ओळखून तो भरलेला की रिकामा हे सांगायचा. कुणी विचारलेलं नसायचं.

आणि आकडे. जो भेटेल त्याला तो आकडे सांगायचा. दाढी करणाऱ्याला, मच्छीवालीला, ग्रामसेवकाला. सगळ्यात जास्त ऐकले ते थोरल्या भावानं, मोरूनं. मोरू त्रेसष्टचा, बायको वारलेली, ओटीवर झोपणारा. खारीतल्या उघाडीवर लक्ष ठेवायचं काम त्याच्याकडे. तो मितभाषी असल्यामुळे चांगला श्रोता समजला जायचा.

एप्रिलच्या मध्यावर हळदी सुरू झाल्या. आगरी गावातली हळद म्हणजे लग्नाच्या आदली रात्र, आणि ती रात्र झोपण्यासाठी नसते. मटणाचे टोप, बेंजो, पाहुण्यांचे टेम्पो, सगळं पहाटेपर्यंत. दर वर्षी हिरामण गाडीवर असायचा, त्यामुळे सुटायचा. या वर्षी रिकामा होता. रिकामा आणि झोप पुरी झालेला माणूस गावात एकच, त्यामुळे टोपावर कुणाला उभं करायचं हा प्रश्न खारवेळ्यात कुणाला पडला नाही. मेअखेरपर्यंत अकरा हळदी झाल्या, आणि अकरा रात्री हिरामण घरी नव्हता.

पहिल्याच हळदीच्या संध्याकाळी त्यानं हिशेब मांडला. मार्चमध्ये मास्क फेकून फेकून वीस रात्री आधीच गेलेल्या. आता या गेल्या तर त्रेसष्ट भरत नाहीत. तो ओटीवर येरझाऱ्या घालायला लागला.

“त्यात काय?” कमळ म्हणाली. “दादा हायेत ना. त्यांना बांधू सोंड. घरची पाली भरल्याशी कारन.”

हे वाक्य नीट समजून घ्यायला हवं, नाहीतर कमळवर फसवणुकीचा आरोप येईल, आणि तसा आरोप कंपनीनं पुढे हिरामणवर केलाच. खारवेळ्यात पुनवेला आणि अवसेला मोठं उधाण येतं. त्या रात्री बांधावर पाळी असते. प्रत्येक घरानं एक माणूस द्यायचा. बांधाला कुठे खांड पडली तर बोंब मारायची, माती टाकायची. हजेरी घराच्या नावानं लागते. बाप आजारी असला तर चुलता जातो, चुलता नसला तर जावई. तू कोण म्हणून कुणी विचारत नाही. पाण्याला तर काहीच विचारायचं नसतं. शेकडो वर्षं अशी हजेरी भरत आलेल्या घरात मशीन आलं, आणि ते रोज रात्री हजेरी मागायला लागलं. त्यांनी ती दिली. यात काही लपवावं असं घरातल्या कुणालाच वाटलं नाही. हेमालीला क्षणभर वाटलं असावं. “पण बाबा, ते श्वास मोजतं,” असं ती म्हणाली. “मोजूं दे,” हिरामण म्हणाला. “दादूसला पन श्वास हाय.”

मोरूनं एकच विचारलं, “झोपलो तं चालेल ना?” पाळीवर झोपायची त्याला सवय नव्हती.

मेच्या शेवटच्या शुक्रवारी नव्वद दिवस भरले. हिरामण कार्ड खिशात घालून सकाळच्या गाडीनं अलिबागला पोचला. नूतननं कार्ड संगणकात घातलं आणि पहिलं पान उघडलं. कंपनीला जातं ते एवढंच एक पान.

“वापरलेल्या रात्री, चार तासांवरच्या, अडुसष्ट,” ती म्हणाली. “सरासरी एएचआय साडेसात. चालेल तुमच्या कंपनीला. अभिनंदन.”

हिरामणने लगेच बाहेर येऊन सुचिता मॅडमना फोन लावला. “सोमवारी सहाची ड्युटी लावते,” त्या म्हणाल्या. “नवीन गाडी आली आहे, तुमच्यासाठीच थांबवली होती. रिपोर्ट तेवढा आज पाठवायला सांगा.” तो परत आत गेला तेव्हा नूतन पहिल्या पानावर नव्हती. ती आतल्या पानांवर गेली होती. किहीमहून रोज स्कूटरनं येणारी, तिशीतली, फार न बोलणारी बाई. तिला सरासरीवर विश्वास नव्हता.

“तुमचा रोजचा आकडा तीन आहे,” ती म्हणाली. “मग सरासरी साडेसात कशी?”

“हळदीला मटण जरा जास्त झाला असेल.”

नूतननं स्क्रीन त्याच्याकडे फिरवला. वर एक रेघ होती, रात्रीच्या दोन वाजताची. श्वासाच्या लाटा. बारीक, मग मोठ्या, आणखी मोठ्या, मग कमी कमी होत जाऊन सपाट. बराच वेळ सपाट. मग परत बारीक. पुढेही तेच, पानभर.

“ही तुमची एक रात्र.” तिनं त्याखाली दुसरं पान लावलं. “आणि ही खालची, तुमची रोजची. तुमचा श्वास थांबतो तेव्हा घसा मिटलेला असतो, छाती ओढत असते. मशीन दाब वाढवतं, सुटतो. वरच्यासारख्या अकरा रात्री आहेत, त्यांत घसा उघडा आहे. छातीच ओढत नाही. मशीन कितीही वारा देऊ दे, श्वास घ्यायचा हुकूमच नाही. आणि या अकरा रात्रींत गळती दोन लिटर. बाकी सगळ्या रात्री अठरा.”

हिरामणने मिशीवरून हात फिरवला आणि तो मधेच थांबवला.

“मिशी अकरा रात्री काढून ठेवली होती का?” नूतननं विचारलं. ती हसली नव्हती.

“मास्क नीट बसला असंल.”

“असेल. मग हे तुमचं आहे असं मी धरते. असा श्वास बऱ्याचदा हृदय कमजोर झालं की दिसतो. मी डॉक्टर नाही, पण डॉक्टरना हे आज दाखवायलाच हवं. ते शेजारच्या दवाखान्यात पाचपर्यंत आहेत, मग थेट मंगळवारी येतात. हे तुमचं असेल तर तुम्ही त्यांच्यासमोर बसा. दुसऱ्या कुणाचं असेल तर त्या माणसाला बसवा, आणि मला लिहून द्या की या रात्री कुणाच्या. मग त्या मी तुमच्या रिपोर्टातून काढीन.”

“काढल्यावर किती राह्यते?”

“सत्तावन्न.”

“आन त्रेसष्ट लागतात.”

“मला माहीत नाही, ते तुमच्या कंपनीचं. चार वाजता मी रिपोर्ट पाठवते. एक काय ते ठरवून या.”

हिरामण बाहेर पडला. साडेअकरा वाजले होते. अलिबागमध्ये बसून विचार करायला जागा पुष्कळ आहेत, पण त्याला बसवेना. तो कोर्टाच्या आवारातून गेला, जिथे दुसऱ्यांच्या भावांच्या भांडणाची गर्दी होती. तिथून समुद्रावर. भरती उतरायला लागली होती, घोडागाडीतून पर्यटक वाळूत चकरा मारत होते. तो वाळूत पाच-सहाशे पावलं गेला, तेवढीच परत आला. डोक्यात एकच उपाय घोळत होता आणि तो वाईट नव्हता. आज रिपोर्ट जाऊ द्यायचा. सोमवारी गाडी घ्यायची. मंगळवारी मोरूला डॉक्टरकडे न्यायचं, पाय दुखतात म्हणून. सगळ्यांचं भागतं. चार दिवसांचाच प्रश्न.

त्यानं मोरूला फोन लावला.

“दादूस, काय करतंस?”

“बसलोय.”

“ये टायमाला? उघाडीवर नाय गेलास?”

“जाईन. आडवा झायला की छातीत पानी भरल्यासारखा वाटते. बसला की उतरते.”

“कवापासून?”

“होलीपासून असंल.”

“सांगितला नाय.”

“तू इचारला नाय. तू तुजे आकडे सांगत होतास.”

हिरामण चालता चालता थांबला. घोडागाडीवाल्यानं त्याला बाजूला हो म्हणून शीळ घातली. “पाय कसे हायेत?” त्यानं विचारलं.

“सुजलेत. चप्पल मावत नाय. मीठ लागला असंल चिखलाचा.” मग मोरूला काहीतरी आठवलं. “पन तुजी ती सोंड बरी होती. वारा लागायचा. आनखी एखादी हळद नाय ना?”

“दादूस, आज डॉक्टरकडे यायचा. अलिबागला.”

“मना काय नाय झायला.”

“मशीन बोलते झायलाय.”

“तुजा कागद बरोबर आला का?” मोरूनं विचारलं.

“आला.”

“गाडी सुटली?”

“सुटते. सोमवारी.”

“मग गप बस ना. कशाला उकरतंस? मी पाली तुज्यासाठी भरली. माज्यासाठी नाय.” आणि त्यानं फोन ठेवला. मोरू फोन कधी स्वतः ठेवत नसे. त्याला तो बंद कुठून करायचा हे नीट माहीत नव्हतं.

वाळूत एका उलट्या होडीला टेकून हिरामण उभा राहिला. नूतनच्या स्क्रीनवर सपाट रेघेखाली आकडे होते, तो ते वाचून आला होता. अडतीस सेकंद. एका ठिकाणी एकेचाळीस. त्यानं मोबाइलवर घड्याळ लावलं, श्वास घेतला आणि कोंडला. पंधरापर्यंत काही वाटलं नाही. वीसला कानात ठोके ऐकू यायला लागले. सत्ताविसाव्याला त्याचा उजवा पाय आपोआप वाळूत दाबला गेला. एकतिसाव्याला त्याचं तोंड उघडलं, त्याला न विचारता. शेजारी भेळवाला होता. “काका, बरं वाटत नाही का?” त्यानं विचारलं. हिरामणने हात हलवला आणि पुन्हा घड्याळ लावलं. या वेळी एकोणतीस. तिसऱ्यांदा तेहतीस, आणि त्यानंतर तो खाली बसला.

अडतीस काही जमले नाहीत. तो धडधाकट होता, जागा होता आणि हट्टाला पेटला होता, तरी जमले नाहीत. आणि मोरू ते झोपेत, ओटीवर, अकरा रात्री करत होता. हे त्या अकरा रात्रींपुरतंच माहीत होतं. बाकीच्या रात्री मोजायला कुणी नव्हतं. मंगळवारपर्यंत अजून चार रात्री होत्या, आणि त्यांच्यावर पाळी कुणाचीच नव्हती. मोरू रात्री मोठ्यानं घोरत नसे, म्हणून घरात त्याची झोप चांगली समजली जायची.

दीड वाजता त्यानं कमळला फोन केला. “दादूसला घेऊन ये. हेमालीला सांग, रिक्षा कर. तीनपर्यंत पोचा.”

“दादा येतील का? ते नाय येनार.”

“त्याला सांग, मी रस्त्यात पडलोय.”

“देवा. काय झालं तुमाला?”

“काय नाय झायला. तसं सांग, येईल.”

मोरू आला. अडीचलाच आला, अनवाणी, परेशचा शर्ट घालून, आणि हिरामणला दुकानाच्या पायरीवर उभा बघून त्यानं एवढंच विचारलं, “उठलास वाटते?” मग तो पायरीवर बसला, कारण तीन पायऱ्या चढताना त्याला दम लागला होता. नूतननं त्याचे पाय बघितले, घोट्याजवळ अंगठा दाबला, आणि अंगठ्याचा खड्डा तिथे तसाच राहिला. तिनं पेन हिरामणपुढे केलं.

हिरामणने लिहायला वीस मिनिटं लावली. नववीनंतर त्यानं सहीपलीकडे फारसं काही लिहिलेलं नव्हतं. “मी हिरामण जोमा घरत लिहून देतो की हळदीच्या अकरा रात्री मशीन माझ्या नाकावर नसून माझा भाऊ मोरू जोमा घरत याच्या नाकावर होते. पाळी घरची म्हणून दिली. भावाचा यात दोष नाही.” शेवटचं वाक्य नूतननं मागितलेलं नव्हतं.

“तारखा?” ती म्हणाली.

तारखा कमळनं सांगितल्या. कोणाच्या घरची हळद कोणत्या दिवशी होती हे तिला तोंडपाठ होतं. नूतननं स्क्रीनवर एकेक तारीख जुळवली. अकराच्या अकरा बरोबर निघाल्या. “साक्षीदार असा हवा,” ती म्हणाली. त्या दिवशी ती पहिल्यांदाच हसली.

“मी सांगितला होता गप बस,” मोरू पायरीवरूनच म्हणाला.

“तू गपच होतास ना होलीपासून,” हिरामण म्हणाला. “काय झायला त्याचा?”

डॉक्टरांनी कागद बघितला, छाती ऐकली आणि मोरूला घरी न पाठवता दवाखान्यातच ठेवून घेतलं. मोरूनं उघाडीचा विषय काढला. रविवारी उधाण होतं. त्या रविवारी घरतांच्या घराची पाळी हिरामणने भरली. बांधावर त्याला कुणी विचारलं नाही की मोरू कुठाय, आणि त्याला ते पहिल्यांदाच विचित्र वाटलं.

शुक्रवारीच चार वाजता नूतननं सत्तावन्न रात्रींचा रिपोर्ट आणि हिरामणचं पत्र कंपनीला पाठवलं होतं. सव्वाचारला सुचिता मॅडमचा फोन आला. “हिरामणभाऊ, हे तुम्ही लिहिलंय?” “व्हय.” “कुणी लिहायला लावलं?” “नाय.” “गाडी मला दुसऱ्याला द्यावी लागेल,” त्या म्हणाल्या. “द्या,” तो म्हणाला, आणि पाय जमिनीवर दाबत उभा राहिला.

सोमवारी तो आणि हेमाली अलिबागला दवाखान्यात मोरूजवळ असताना कंपनीचं उत्तर हेमालीच्या मोबाइलवर आलं. तिनं ते त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं.

“संदर्भ : आपला लेखी खुलासा. सदर चालकाने यांत्रिक पुराव्यात अन्य व्यक्तीच्या श्वसनाचा समावेश केल्याचे मान्य केल्याने संपूर्ण नव्वद दिवसांचा पुरावा अग्राह्य ठरविण्यात येत आहे. नव्वद दिवसांचा कालावधी नव्याने सुरू करण्यात येत असून, तोपर्यंत सदर चालकास यार्ड सहायक म्हणून काम देण्यात यावे. सदर प्रकार गंभीर स्वरूपाचा असून त्यातून कोणासही कोणताही लाभ झाल्याचे दिसून येत नाही.”

मोरूच्या छातीतलं पाणी उतरलं होतं. मंगळवारी डॉक्टर आले आणि दुपारी त्यांनी त्याला घरी सोडलं.